पाचवा खजिना

एल्मा पेल्कोनेननं दोनदा मोजलं. दोन्ही वेळा पाचच भरले.

काल दुपारी ती खुर्चीवरून उठली तेव्हा दगडी घरात चार खजिने होते. सोन्याचा कंगवा, मोत्यांची माळ, हस्तिदंती शिंग आणि राणीचा मुकुट. आज पडद्यावर त्याच घराचं चित्र उमटलं, हिरव्याजांभळ्या रेघांनी काढलेलं, लहान मुलानं खडूनं काढावं तसं. आणि चित्राखालच्या यादीत मुकुटानंतर आणखी एक ओळ होती. पाचूची मूर्ती.

ही मूर्ती धबधब्यामागे आहे एवढं तिला ठाऊक होतं. तिथपर्यंत जायचं कसं, हे मात्र तीन आठवडे डोकं खाजवूनही सुटलं नव्हतं. आता मूर्ती आपल्या पायांनी चालत घरी आली होती.

हा कॉम्प्युटर एल्माच्या मुलीनं, साइमानं, नोव्हेंबरात मिनिआपोलिसहून गाडीत घालून आणला. तिच्या ऑफिसात नवी यंत्रं आली म्हणून जुनं तिला मिळालं होतं. वरच्या खोल्या थंड, म्हणून तो तळघरात घर तापवायच्या भट्टीशेजारी मांडला. 'काळ्या डोंगराचा खजिना' हा खेळ एल्मानं बिसोनेटबाईंच्या रेडिओ-टीव्हीच्या दुकानातून स्वतः आणला. वर चित्र, खाली दोन ओळी मजकूर. आपण इंग्रजीत दोन शब्द टाइप करायचे, 'उत्तरेला जा' किंवा 'दोर घे', आणि यंत्र पुढचं चित्र काढणार. एक अक्षर चुकलं तरी उत्तर यायचं, 'हा शब्द मला कळत नाही.' बारा खजिने हुडकून टेकडीवरच्या दगडी घरात आणून ठेवले की खेळ संपला. उठताना जिथवर आलो ते फ्लॉपीवर जपून ठेवायचं. जागा एकच. नवं ठेवलं की जुनं पुसलं जाई.

एल्मा सत्तावन्न वर्षांची होती. सकाळी आठ ते एक ती कॉलेजच्या टेलिफोन बोर्डावर बसे. घरी येऊन जेवली की दीड ते चार ती डोंगरात. हॅन्कॉकसारख्या उत्तरेकडच्या खाणगावात फेब्रुवारीत खिडकीच्या वरपर्यंत बर्फ चढतो, माणसानं दुसरं करायचं तरी काय?

तिला पहिला संशय स्वतःचाच आला. तिची आई साठीला टेकली आणि चुलीवर भांडं ठेवून विसरायला लागली. मग शेजाऱ्यांची नावं गेली, मग मुलींची. एल्मानं वही काढली. कालच्या तारखेखाली तिच्याच हातचं ठळक लिहिलेलं होतं, 'चार. मी फाटकापाशी उभी.' वही खरं बोलत होती. म्हणजे आपलं डोकं ठिकाणावर आहे. तिला हायसं वाटलं, पण क्षणभरच. डोकं ठिकाणावर असेल, तर या खुर्चीत दुसरं कुणीतरी बसून गेलं होतं.

घरात दुसरा माणूस म्हणजे तिचा नवरा, उर्हो. तो सकाळी तिच्याआधी बाहेर पडायचा, कालव्याच्या बर्फावर भोक पाडून मासे धरायला. कॉम्प्युटरला तो 'तुझी बोलती पेटी' म्हणायचा आणि तिच्याकडे पाठ करून बसायचा. त्याच्यावर संशय घ्यायचा म्हणजे भट्टीवरच घ्यायचा.

तेवढ्यात तिची नजर भिंतीवरच्या पाण्याच्या मीटरकडे गेली. मीटरला एक पुठ्ठ्याचं कार्ड टांगलेलं होतं आणि त्यावर आजच्या मंगळवारची तारीख घालून दोन अक्षरं लिहिली होती. ज. ट्रे.

जॅगो ट्रेव्हॅरो!

त्या हिवाळ्यात जमीन खोलवर गोठली होती, रस्त्याखालचे नळ फुटत होते. नगरपालिकेनं ट्रेव्हॅरोला कामाला लावलं होतं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्यानं घरोघरच्या तळघरात उतरून पाणी किती थंड आहे ते बघायचं आणि कार्डावर लिहायचं. तळघराचं बाहेरचं दार त्यासाठी उघडंच ठेवलेलं असे. आणि ह्याच ट्रेव्हॅरोनं ख्रिसमसच्या आधी बिसोनेटबाईंकडून तोच खेळ नेला होता. दुकानात एक फळा होता. गावातून जो पहिल्यांदा बारा खजिने आणेल त्याचं नाव त्यावर लागणार होतं. वरची ओळ अजून कोरी होती.

संध्याकाळी पेस्टी, म्हणजे मांस-बटाटा भरलेली मोठी करंजी, खाताना तिनं उर्होला विचारलं, "ट्रेव्हॅरो आपल्या तळघरात किती वेळ थांबतो रे?"

उर्होचा काटा ताटावर अडकला. "मला काय माहीत? मी घरी असतो का?"

"नाही, सहज विचारलं."

"त्या माणसाचं नाव जेवताना काढू नकोस."

चौदा वर्षांपूर्वी खाणीत शेवटचा संप झाला तेव्हा ट्रेव्हॅरो पाळीचा कॅप्टन, म्हणजे मुकादम, होता आणि मालकांच्या बाजूनं फाटकाच्या आत उभा राहिला होता. उर्हो बाहेर, संपकऱ्यांत होता. खाण बंद पडली, दोघंही घरी बसले, पण उर्होनं त्याच्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच. दुकानात समोरासमोर आले तर दोघं कपाटातल्या डब्यांची लेबलं बघत उभे राहत.

बुधवारी एल्मा दुकानात गेली तर ट्रेव्हॅरो काउंटरला रेलून उभा. उंच माणूस, पांढऱ्या मिशा, बोलणं अजून पाळीवरच्या हुकमाचं.

"काय मिसेस पेल्कोनेन, धबधब्यामागची मूर्ती आली का हाती?"

एल्माच्या कानशिलांवर रक्त चढलं. "तुम्हाला का चौकशी?"

"सहज हो. अवघड जागा आहे. मी जानेवारीत काढली."

"असं? जानेवारीत?"

"जानेवारीत," तो म्हणाला आणि मिशीत हसला.

ते हसू तिला घरापर्यंत पुरलं. चोर विचारतो आहे, माल मिळाला का म्हणून! पण त्यानं तिच्या खेळात खजिना आणून का ठेवावा? रात्रीचं जेवण होईतो तिनं तेही जुळवून टाकलं. तो इथं बसून वाटा आजमावत असणार. आपला खेळ मोडायला नको म्हणून दुसऱ्याच्या खेळात मरून बघायचं, आणि जमलं की घरी जाऊन तेच करायचं. मूर्ती जपून ठेवली गेली ती घाईत, चुकून.

शुक्रवारी सहावा खजिना आला. चांदीचा पेला. पुढच्या मंगळवारी सातवा. मधल्या दिवसांत काही नाही. मंगळवार आणि शुक्रवार. कार्डावर 'ज. ट्रे.' आणि यादीत एक ओळ वाढलेली. आता एल्माला खेळात गोडी उरली नव्हती, तिला माणूस पकडायचा होता. तिनं कीबोर्डवर पिठाची पुसट बोटं ओढली, ती पुसलेली निघाली. खुर्ची टेबलापासून तीन वितींवर ठेवली, ती दोनवर आली. बोर्डावर बसल्या बसल्या ती परक्यांच्या फोनच्या वायरी खोचायची आणि मनात ट्रेव्हॅरोशी भांडायची. एकदा तर तिनं डीनचा फोन लाँड्रीला जोडला.

गुरुवारी तिनं सापळा लावला.

आधी साइमानं दिलेल्या कोऱ्या फ्लॉपीवर खेळाची प्रत केली आणि ती पर्समध्ये टाकली. मग ती डोंगराच्या पोटातल्या खाणीत उतरली. खाण म्हणजे भुलभुलैया होता, सगळ्या बोगद्यांची चित्रं एकसारखी. दिव्याशिवाय तीन पावलं टाकली की यंत्र सांगायचं, 'तू अंधारात कड्यावरून पडलास. तू मेलास.' सगळ्यात खालच्या बोगद्यात जाऊन एल्मानं टाइप केलं, 'दिवा ठेव.' दिवा तिथंच सोडून ती दोन पावलं पुढे गेली. पडदा काळा झाला, चित्रच नाही. त्या काळ्या पडद्यावर तिनं खेळ जपून ठेवला आणि यंत्र बंद केलं.

"बस आता," ती मोठ्यानं म्हणाली. "पुढचं पाऊल टाक आणि मर."

शुक्रवारी दुपारी कोट न काढताच ती तळघरात उतरली. फ्लॉपी घातली. यंत्र खरखरलं. पडद्यावर एकेक रेघ उमटू लागली. आकाश, सूर्य, खाणीचं तोंड. खाली लिहिलं होतं, 'तू खाणीबाहेर उजेडात उभा आहेस. तुझ्या हातात दिवा आहे.'

ज्यानं कुणी हे केलं होतं तो अंधारातून दिवा शोधून वर आला होता. ती खाण इतकी पाठ कुणाला असणार? जो तीस वर्षं खाणीत पाळ्या चालवत होता, त्यालाच.

मीटरवरच्या कार्डाकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

शनिवारी सकाळी दहाला ती दुकानात शिरली. ट्रेव्हॅरो होताच. बिसोनेटबाई एका टीव्हीचं झाकण उघडून बसल्या होत्या, आणखी दोन गिऱ्हाइकं होती.

"मिस्टर ट्रेव्हॅरो," एल्मा म्हणाली, "लोकांच्या तळघरात पाणी बघायला जाता की चोऱ्या करायला?"

बिसोनेटबाईंनी हातातलं झाकण खाली ठेवलं.

"काय म्हणालात?"

"माझ्या गैरहजेरीत माझ्या यंत्रावर बसता. माझ्या वहीतले नकाशे उतरवता. काल तर हद्द झाली, अंधाऱ्या खाणीतून दिवा शोधून बाहेरसुद्धा पडलात. या फळ्यावर नाव लावायला एवढी धडपड? लाज नाही वाटत, या वयात?"

ट्रेव्हॅरोच्या मिशा हलल्या, पण आवाज चढला नाही. "काल मी तुमच्या घरी आलोच नाही, बाई."

"खोटं!"

"एल्मा," बिसोनेटबाई हलकेच म्हणाल्या, "काल सकाळी आमचा नळ फुटला गं. जॅगो सात वाजल्यापासून दुपारी दोनपर्यंत माझ्या तळघरात गुडघाभर पाण्यात उभा होता. हे दोघंही होते बादल्या घेऊन."

दोन्ही गिऱ्हाइकांनी जमिनीकडे बघत माना हलवल्या.

कार्ड! कार्डावर कालची तारीख होती का? तिनं बघितलंच नव्हतं.

"हे मी बोलणार नव्हतो," ट्रेव्हॅरो म्हणाला. "पण तुम्ही चारचौघांत चोर म्हणालात म्हणून बोलतो. दोन मंगळवार मी तुमच्याकडे आलो तेव्हा पडदा चालू होता. खुर्ची गरम होती. माणूस मात्र नव्हता. मी आकडा लिहिला आणि निघालो. दुसऱ्याच्या घरातलं मी उकरत नाही. तुम्ही तुमच्या घरी विचारा."

परतताना बर्फाच्या भिंतींमधून चालताना एल्माला थंडी कळली नाही. खुर्ची गरम. माणूस नाही. तळघरात लपायला जागा एकच, सौनाची, वाफेच्या अंघोळीची खोली. आणि त्या खोलीत शिरायची सवय कुणाला, हे विचारायची गरज नव्हती. तिच्या मनात आता खेळ नव्हता, लग्नाची तेहेतीस वर्षं होती. हा माणूस सकाळी मासे धरायला जातो म्हणतो. आणखी काय काय म्हणतो, आणि त्यातलं खरं किती?

ती बाहेरच्या दारानं तळघरात उतरली. शनिवार म्हणून सौनाचं लाकूड पेटलेलं होतं, धुराचा वास होता. उर्हो तिच्याकडे पाठ करून यंत्रासमोर बसला होता. खांदे पुढे, मान खाली, बुटक्या छताखाली बसावं तसा. उजव्या हाताचं एक बोट अक्षरांवरून फिरत होतं, थांबत होतं, पुन्हा फिरत होतं. एल्माची वही शेजारी उघडी होती. तिच्याशेजारी बुटांच्या खोक्याचं झाकण होतं.

"उर्हो."

त्याचं बोट तिथंच राहिलं. तो वळला नाही.

ती जवळ गेली. झाकणावर पेन्सिलीनं चित्रं काढलेली होती. दिवा, दोर, कुऱ्हाड, शिडी, धबधबा. प्रत्येकापुढे इंग्रजी शब्द, एकेक अक्षर वेगळं, तिच्या वहीतून बघून काढलेलं. अक्षरं लिहिलेली नव्हती, चित्रांसारखीच काढलेली होती.

उर्हो फिनिश पेपर वाचायचा, फिनिश स्तोत्रं म्हणायचा. इंग्रजी पत्रं तीच वाचून दाखवायची. 'चष्मा घेऊन येतो' म्हणून तो उठायचा आणि येईतो तिनं वाचून टाकलेलं असायचं. त्याला वाचायचा कंटाळा, असं ती तेहेतीस वर्षं लोकांना सांगत आली होती.

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? म्हाताऱ्याला शब्द येत नाहीत म्हणून?"

"खेळत होतास ते. माझ्यामागे, चोरून."

"खेळायला नव्हतो बसलो," तो अजून पडद्याकडेच बघत होता. "तो कॅप्टन माझ्या घरात एकटा शिरतो. मंगळवारी, शुक्रवारी. कशाला हात लावतो काय ठाऊक. म्हणून मी घरी थांबायचो. तो आला की सौनात जायचो, फटीतून लक्ष ठेवायचो. वाट बघत नुसतं किती बसायचं? पेटी चालू केली. चित्रं बघत होतो. एका चित्रात खाण निघाली." तो थांबला. "मग ती मूर्ती सापडली. जपून नाही ठेवली तर जाते म्हणे. टाकवेना."

एल्माला हसू येत होतं आणि रागही येत होता. रागाला आधी वाट मिळाली. "आणि मला वाटलं मला वेड लागतंय! आईसारखं! आठ दिवस मी पीठ टाकतेय, खुर्च्या मोजतेय—"

"पीठ होतं होय ते? मला वाटलं उंदीर."

"हसू नकोस!"

"हसत नाहीये." तो आता वळला. त्याचा चेहरा खरंच हसत नव्हता. "तू दिवा खाली ठेवून आलीस."

"काय?"

"परवा. सगळ्यात खालच्या बोगद्यात. दिवा ठेवलास आणि पुढे गेलीस. मुद्दाम."

"सापळा होता तो. ट्रेव्हॅरोसाठी."

"कुणासाठी का असेना. माणूस खाली आणि त्याचा दिवा काढून घ्यायचा. असं कुणी करत नाही, एल्मा."

"खेळ आहे रे तो."

"हो," उर्हो म्हणाला. "खेळ आहे. अकरा वेळा मेलो मी त्या खेळात. बाराव्या वेळी दिवा सापडला."

लग्नाच्या आदल्या वर्षी तो खाणीचं छत कोसळून दीड दिवस खाली अडकला होता. त्याबद्दल तो कधी बोलला नव्हता. एल्माला तेवढं माहीत होतं, आणि दिवा ठेवताना तिच्या ते मनातही आलं नव्हतं. ती सौनाच्या पायरीवर बसली. आत लाकडं तडतडत राहिली.

"मी ट्रेव्हॅरोला चोर म्हणाले," शेवटी ती म्हणाली. "दुकानात. सगळ्यांसमोर."

उर्होनं डोळे मोठे केले. "कॅप्टनला? चोर?"

"हो."

"तो नको तिथं उभा राहिलेला माणूस आहे. पण चोर नाही. खिळा उचलणार नाही तो कुणाचा."

"आणि तू त्याच्यावर फटीतून लक्ष ठेवत होतास!"

उर्होनं कानामागे खाजवलं आणि खुंटीवरचा कोट काढला. "चल."

ट्रेव्हॅरोचं घर दोन गल्ल्या वर होतं. त्यानं दार उघडलं, पण आत या म्हणाला नाही. एल्मा मनात तयार केलेलं सगळं बोलणं विसरली.

"माझं चुकलं. तुम्ही आला नव्हता, आणि तुम्ही काही केलं नव्हतं. दुकानात जाऊनही मी हे सांगणार आहे, सगळ्यांसमोर."

"सांगा," ट्रेव्हॅरो म्हणाला. "सोमवारी सांगा. सोमवारी गर्दी असते."

"सांगते."

मग तो उर्होकडे बघू लागला. चौदा वर्षांत दोघं इतके जवळ उभे राहिले नव्हते.

"म्हणजे खुर्ची तू गरम केली होतीस. सौनात होतास?"

"होतो, कॅप्टन."

"माझ्यावर पहारा?"

"तुमच्यावरच."

ट्रेव्हॅरोनं दाराची कडी एकदा वर केली, एकदा खाली. "त्या खाणीतून बाहेर कसा पडलास? मी तीन आठवडे तिथंच फिरतोय. सगळे बोगदे सारखे."

उर्होनं टोपी सारखी केली. पहिल्यांदाच त्याच्या तोंडावर काहीतरी उजळलं. "तुम्ही कॅप्टन ना? शोधा."

दार धाडकन लागलं. पण आतून जो आवाज आला तो शिवीचा नव्हता, हसण्याचा होता, हे एल्मानं नीट ऐकलं.

सोमवारी ती दुकानात जाऊन बोलली. गर्दी खरंच होती. आठवडाभर उर्हो यंत्राच्या आसपास फिरकला नाही. मग एका दुपारी ती शिडीपाशी अडकून बसलेली असताना तो मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "ती शिडी कुजकी आहे. दोर बांध आधी." तिनं दुसरी खुर्ची ओढली. तेव्हापासून दिशा तो सांगू लागला, शब्द ती टाइप करू लागली. कधी तो म्हणे, "थांब, हा मी," आणि एकेक अक्षर दाबी. चुकलं तर ती गप्प बसे, यंत्रच त्याला सांगे.

मार्चच्या मध्यावर त्यांच्या घरात अकरा खजिने झाले. त्याच गुरुवारी बिसोनेटबाईंच्या फळ्यावर नाव लागलं. जॅगो ट्रेव्हॅरो. बारा.

एल्मा ते बघून आली आणि थेट तळघरात गेली. उर्हो आधीच खुर्चीत बसला होता.

"तो खाणीतून सुटला," ती म्हणाली.

"कोण?"

"कोण म्हणे! तीन आठवड्यांत जे जमलं नाही ते एकाएकी जमलं? तू सांगितलंस."

"मी? मी त्या माणसाशी बोलत नाही."

"मंगळवारी तो आला होता. तू घरी होतास."

"होतो."

"मग?"

"पाणी बघितलं त्यानं. चौतीस डिग्री, गोठायला दोनच बाकी." उर्होनं पडद्याकडे तोंड फिरवलं. त्याची मान मात्र लाल झाली होती.

एल्मानं आणखी विचारायला तोंड उघडलं होतं, पण पुढचा प्रश्न आधी त्यानंच विचारला.

"'साखळी' कशी लिहायची?"

तिनं खुर्ची जवळ ओढली आणि पहिलं अक्षर सांगितलं.